केसांत जट कशी तयार होते? ड्रेडलॉक्स वाढवणाऱ्यांसाठी आणि जटेला घाबरणाऱ्यांसाठीही

विरार लोकलच्या एकाच डब्यात दोन डोकी दिसू शकतात. दाराशी उभा असलेला, कानात इअरफोन घातलेला पंचविशीतला मुलगा. त्याने दोन वर्षं खपून ड्रेडलॉक्स वाढवलेत आणि इन्स्टाग्रामवर त्याचे रील्स टाकतो. आणि आत खिडकीपाशी बसलेली साठीची बाई. तिच्या अंबाड्यात एक जाड, कडक पट्टा आहे, त्यावर हळद-कुंकू आहे आणि गेली कित्येक वर्षं तिने त्याला कंगवा लावलेला नाही. मुलाला सगळे विचारतात, "कुठून करून घेतलंस?" बाईला कुणी काही विचारत नाही. फार तर कुणीतरी हात जोडतं.

केसांच्या पातळीवर दोन्ही डोक्यांवर एकच गोष्ट घडलेली आहे. ती नेमकी काय, ते या लेखात पाहू. वसई, नालासोपारा, विरारकडे राहून ड्रेड्स वाढवायचा विचार असेल, तर इथलं पाणी आणि इथला पावसाळा लक्षात घेऊन काय करायचं तेही आहे. आणि घरात कुणाच्या केसांत अचानक गुंता झाला आणि कुणी म्हणालं की "देवी आली", तर काय करायचं हेही आहे. लेखाचा हा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आधी केस समजून घ्या

डोळ्यांना केस गुळगुळीत दोऱ्यासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो कौलारू छपरासारखा असतो. बाहेरच्या थराला बारीक खवले असतात. ते एकावर एक चढलेले असतात आणि सगळ्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं तर केस सहज सरकतो, उलट फिरवलं तर किंचित अडतो. एक केस दोन बोटांत धरून करून बघा, जाणवतं.

हे अडणं एकाच दिशेला असल्यामुळे केसांवर केस घासले की ते पुढे-मागे सारखेच हलत नाहीत. एका दिशेला सरकतात आणि तिथेच अडकतात, परत मागे येत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आक्रसून घट्ट होतो, तो याच कारणाने. लोकर दाबून, भिजवून, चोळून नमदा करतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. म्हणजे जटा हा डोक्यावर तयार झालेला नमदा आहे. त्यासाठी ओलावा, घर्षण, वेळ आणि न फिरलेला कंगवा एवढंच लागतं.

आता गळणाऱ्या केसांचा हिशेब. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळतात. आपण विंचरतो तेव्हा ते कंगव्यात येतात. विंचरलं नाही तर ते जातील कुठे? गुंत्यातच राहतात. समजा तुमच्या डोक्यावर ५० ड्रेड्स आहेत, म्हणजे एकेकात दोनेक हजार केस. प्रत्येकात रोज एक-दोन गळालेले केस अडकतात, म्हणजे वर्षाला साडेतीनशे ते सातशे. दोन-तीन वर्षांच्या ड्रेडमध्ये मुळापासून सुटलेल्या केसांचा वाटा चांगलाच मोठा असतो, आणि तेच त्याला घट्टपणा देतात.

याच हिशेबात आणखी एका कोड्याचं उत्तर आहे. जट बाकीच्या केसांपेक्षा लांब कशी वाढते? एक केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, दोन ते सहा वर्षं वाढत राहतो आणि मग गळतो. त्यामुळे बहुतेकांचे मोकळे केस एका लांबीला येऊन थांबल्यासारखे वाटतात. जटेत मात्र गळालेला केस पडतच नाही. वरून नवीन वाढत राहतो, खाली जुना अडकलेला राहतो, आणि जटा कमरेच्या खाली, काहींची तर जमिनीपर्यंत पोहोचते. "बाकीचे केस खांद्यापर्यंत आणि जट गुडघ्यापर्यंत, म्हणजे हे साधं नाही," असं लोक म्हणतात. निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा.

मुद्दाम वाढवायचे असतील तर

एक गैरसमज आधी काढून टाकू. ड्रेड्स म्हणजे केस न धुणं नव्हे. उलट तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ आणि कोरडे केस एकमेकांना धरतात. त्यामुळे धुणाऱ्याचे ड्रेड्स न धुणाऱ्यापेक्षा लवकर बसतात. आठवड्यातून एकदा-दोनदा धुवायला हरकत नाही. कंडिशनर नको, कारण तो केस सुळसुळीत करतो आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

सुरुवात दोन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे केसांचे चौकोनी भाग पाडून उलटा कंगवा मारणं, पीळ देणं किंवा क्रोशाच्या बारीक सुईने केस आत ओढून घेणं. यात पहिल्या दिवसापासून ड्रेडसारखं काहीतरी दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे नुसता कंगवा बंद करणं, ज्याला नैसर्गिक किंवा फ्रीफॉर्म ड्रेड्स म्हणतात. यात केस स्वतःच ठरवतात की कुणी कुणाबरोबर जायचं.

कुरळ्या केसांचे ड्रेड्स सहा महिन्यांपासून दीड वर्षात बसतात. आपल्याकडे बहुतेकांचे केस सरळ किंवा लाटेदार असतात आणि सरळ केसांना गुंतायला वेळ लागतो. फ्रीफॉर्म पद्धतीने दीड ते तीन वर्षं धरून चाला. हे रील्समध्ये कुणी सांगत नाही, कारण तीन वर्षांचं रील कुणी बघत नाही.

पहिले तीन महिने निराशेचे. धुतलं की अर्धे सुटतात. डोकं खाजतं. घरचे विचारतात, "आजारी आहेस का?" तीन ते सहा महिन्यांत एकेका बटेत मध्येच मण्यासारखी गाठ बसलेली हाताला लागते. ही गाठ म्हणजे खरी सुरुवात. ती हळूहळू वर-खाली पसरते.

सहा महिन्यांपासून वर्षभराचा काळ सगळ्यात विचित्र. ड्रेड्स फुगतात, वाकडेतिकडे होतात, मध्येच केसांची कडी बाहेर येते, आणि लांबी कमी होते. ही लांबी कुठे जात नाही. केस सरळ खाली न जाता आत नागमोडी वळतात, म्हणून बट आखूड दिसते. बहुतेक लोक याच टप्प्यावर कात्री शोधतात. ज्यांनी धीर धरला त्यांचे ड्रेड्स पुढच्या सहा महिन्यांत घट्ट होऊ लागतात. दाबले तर स्पंजसारखे लागतात, पण पिळले तर आत कणा असल्यासारखे. त्यानंतर आकार फारसा बदलत नाही, फक्त लांबी वाढते.

या सगळ्या काळात एकच काम न चुकता करायचं. दर धुण्यानंतर मुळाशी शेजारच्या बटा हाताने सुट्या करायच्या. हे केलं नाही तर दोन बटा मुळाशी एकत्र येतात, मग चार, मग आठ, आणि एक दिवस डोक्याच्या मागे सपाट, चामड्यासारखा एकच तुकडा तयार होतो. अंबाडा बांधून वर्षानुवर्षं न सोडलेल्या केसांचं नेमकं हेच होतं. मुलाचे ड्रेड्स आणि बाईची जट यांतला फरक बहुतांशी या एका कामाचा आहे.

वसई-विरारचं पाणी आणि पावसाळा

ड्रेड्सवरचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या किंवा थंड हवेत राहणाऱ्यांनी केलेले असतात. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. जाड ड्रेड बाहेरून कोरडा वाटतो तेव्हा आत ओला असतो. रात्री तसंच झोपलं, किंवा ओले बांधून टोपीत कोंबले, तर आत बुरशी धरते. कुबट वास यायला लागला की ती जागा धुऊन सहसा जात नाही, तेवढा भाग कापावा लागतो. म्हणून पावसाळ्यात डोकं सकाळी धुवा, रात्री कधीच नाही. आधी टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, मग पंख्याखाली किंवा ड्रायरच्या कोमट हवेत वाळवा. संध्याकाळच्या लोकलने भिजत आलात, तरी हेच.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोसायटीला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि साबणाला फेस धरत नसेल, तर ते जड, म्हणजे क्षारांचं पाणी आहे. अशा पाण्यात साबणाची वडी डोक्याला लावली की साबण आणि क्षार मिळून पांढरट चिकट साका तयार होतो. मोकळ्या केसांतून तो निघून जातो, ड्रेडच्या आत मात्र साठत राहतो. डोक्याला साबण नको, सहज निघून जाणारा साधा शाम्पू वापरा आणि शेवटचे दोन तांबे जमलं तर गोड्या पाण्याचे घ्या. बाजारात ड्रेड्ससाठी म्हणून मेण मिळतं, ते अजिबात लावू नका. त्यावर धूळ बसते आणि ते निघत नाही.

डोक्याच्या पुढच्या रेषेवर केस विरळ होत असतील तर ड्रेड्स फार घट्ट बांधले जाताहेत किंवा फार जड झालेत. ही ओढ वर्षानुवर्षं राहिली तर तिथले केस कायमचे जातात. पू, गळू, न थांबणारी खाज किंवा उवा दिसल्या तर घरगुती प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

जटा आपल्या ओळखीची आहे

ड्रेडलॉक्स हा शब्द जमैकातून आला. तिथे १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ सुरू झाला आणि पुढे त्याच्या अनुयायांनी अशा बटा राखायला सुरुवात केली. बॉब मार्लीच्या गाण्यांबरोबर त्या जगभर गेल्या. जमैकात १८४५ पासून भारतीय गिरमिटिया मजूर नेले जात होते. त्यांच्यातल्या साधूंच्या जटा पाहून ही पद्धत रुजली, असं काही अभ्यासक मानतात, तर काहीजण तिचं मूळ आफ्रिकेत शोधतात.

आपल्याकडे जटा त्याहून कितीतरी जुनी. घारापुरीच्या लेण्यांतल्या शिवाच्या डोक्यावर जटामुकुट आहे. रामायणात वनवासाला निघालेला राम वडाचा चीक मागवून केसांच्या जटा करतो, म्हणजे मुद्दाम चिकट पदार्थ लावून गुंता करण्याची युक्तीही जुनीच. बौद्ध ग्रंथांत अशा तपस्व्यांना 'जटिल' म्हटलं आहे. आज आपण गुंतागुंतीच्या प्रश्नाला जटिल म्हणतो, तो शब्द जटेवरूनच आलेला.

पण पुरुषाने राखलेली जटा आणि बाईच्या डोक्यात 'आलेली' जट यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी आहे. साधू जटा स्वतः स्वीकारतो आणि हवं तेव्हा उतरवू शकतो. बाईला मात्र सांगितलं जातं की हे देवीचं बोलावणं आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत, मुलीच्या केसांत जट दिसली की तिला देवीला सोडायचं, असं चालत आलं. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटात मुक्ता बर्वेने केलेल्या सुलीचं आयुष्य केसांतल्या एका गुंत्यापासूनच बदलतं. मुलींना असं देवाला सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये कायद्याने बंदी घातली. बंदी देवाला सोडण्यावर आली. जटेची भीती मात्र राहिली, आणि ती फक्त सीमाभागात नाही. गाव सोडून मुंबईच्या उपनगरांत आलेल्या कुटुंबांबरोबर ती इथेही येते.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. पोलंडमध्ये कित्येक शतकं अशा गुंत्याला 'कोउतुन' म्हणत. शरीरातला आजार केसांवाटे बाहेर पडतोय आणि तो कापला तर माणूस आंधळा होईल किंवा मरेल, अशी तिथे समजूत होती. एकोणिसाव्या शतकात युझेफ डिटल या डॉक्टरांनी, जे पुढे क्राकूव शहराचे महापौर झाले, याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. वैद्यकात जटेला आजही 'प्लायका पोलोनिका' म्हणतात, म्हणजे पोलंडचा गुंता. तिथे यल्लम्मा नव्हती, खंडोबा नव्हता, तरीही जट होती आणि ती कापायची भीतीही होती.

मग 'अचानक' जट कशी येते?

बहुतेक वेळा ती अचानक नसते, लक्षात अचानक येते. लांब केसांची बाई तापाने किंवा बाळंतपणात पंधरा-वीस दिवस अंथरुणाला खिळली, केस विंचरले गेले नाहीत, उशीवर घासले गेले, घामाने ओले राहिले. डोक्यामागे गाठ बसते. कधी कपडे धुण्याच्या साबणासारखा कडक साबण डोक्यावर गोल गोल चोळला जातो आणि एका न्हाणीत गुंता होतो. वैद्यकीय नियतकालिकांत शाम्पूनंतर लगेच झालेल्या अशा गुंत्यांच्या नोंदी आहेत. उवा, डोक्यावरचं चिघळलेलं गळू, नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार असेल तर स्वतःकडे लक्ष राहत नाही, आणि हेच होतं.

इथपर्यंत तो फक्त गुंता असतो. त्याची जट होते ती पुढच्या आठवड्यात. कुणीतरी सांगतं, हात लावू नको. कंगवा थांबतो, हळद-कुंकू आणि तेल लागतं, त्यावर धूळ बसते, आणि आपण वर पाहिलेली सगळी यंत्रणा सुरू होते. दोन वर्षांनी ती जट खरोखरच सुटण्यापलीकडे गेलेली असते. जाड जट ओली झाली की मान ओढते, झोपताना कूस बदलता येत नाही, वास येतो म्हणून लोक लांब बसतात. हे सगळं त्या बाईने सोसायचं.

नवा गुंता घरीच सुटतो. केस कोमट पाण्याने ओले करून भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल लावा, अर्धा तास जाऊ द्या. मग शेंड्याकडून सुरुवात करा, मुळाकडून नव्हे. बोटांनी किंवा कंगव्याच्या टोकदार दांड्याने एकेक धागा मोकळा करत वर जा. मुठीएवढ्या गुंत्याला तीन-चार तास लागू शकतात, दोन बैठकींत करा. जुनी, कडक झालेली जट मात्र सोडवण्याच्या भानगडीत पडू नका, ती कापायची असते. जट आणि डोकं यांच्यामध्ये दोन बोटं घालून, बोटांच्या वरून थोडं थोडं कापत जायचं. त्वचेला कात्री लागत नाही आणि चार-पाच सेंटीमीटर केस शिल्लक राहतात. केसाच्या दांड्यात मज्जातंतू नसतात. त्यामुळे कापताना दुखत नाही, रक्त येत नाही. "जट कापली की रक्त येतं" ही गोष्ट अनेक ठिकाणी सांगितली जाते. जटेखाली जखम किंवा गळू असेल आणि तिथे कात्री लागली तर रक्त येईल, म्हणून आधी त्वचा नीट पाहून घ्या.

कात्रीपेक्षा अवघड काम समजूत घालण्याचं आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो स्त्रियांच्या जटा काढल्या आहेत. त्या पूर्वी ब्यूटी पार्लर चालवत, त्यामुळे केसांवर त्यांचा हात बसलेला आहे. पण या कामात खरा वेळ जातो तो बोलण्यात. बाई स्वतः तयार झाली तरी सासू, नवरा, भाऊ यांना भीती असते. झोपेत किंवा जबरदस्तीने जट कापणं हा मार्ग अजिबात नाही. तिच्या मनातली भीती तशीच राहते आणि घरच्यांवरचा विश्वासही जातो.

भीतीचं मूळ कुठे असतं ते ओळखून बोला. "कापल्यावर काही झालं तर?" हा तो प्रश्न. आणि प्रामाणिक उत्तर असं की काहीतरी होईलच. पुढच्या वर्षभरात घरात कुणाला ताप येईल, कुणाची नोकरी जाईल, म्हातारं माणूस असेल तर कदाचित जाईलही. जट असलेल्या वर्षांतही हे सगळं होत होतंच. कापण्याआधीच तिच्याशी बसून तिला हे आठवायला लावा: जट आली त्यानंतर घरात काय काय वाईट झालं? देवी राखत होती तर ते का झालं? अनेक बायका इथे थांबून विचार करतात. आणि कापल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन भेटा. पहिल्या तापाला ती एकटी असता कामा नये.

कुणी अंगात आल्याचं सांगून "जट काढली तर घर बसेल" अशी धमकी देत असेल, तर ते फक्त श्रद्धेचं प्रकरण राहत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात जटेचं वेगळं कलम नाही. पण अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं आणि न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यातच करता येते. मुलगी शाळेतून काढून देवाला सोडण्याची भाषा होत असेल तर थांबू नका, चाइल्डलाइनला १०९८ वर फोन करा.

जट काढल्यावर पहिले काही दिवस मान हलकी वाटते, काहींना तोल गेल्यासारखंही वाटतं, कारण मानेच्या स्नायूंना त्या वजनाची सवय झालेली असते. टाळू पांढरी, सोलवटल्यासारखी दिसते. आठवडाभर सौम्य शाम्पूने धुवा आणि उन्हात जाताना डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्या. मूळ शाबूत असेल तर केस पुन्हा महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटरने वाढतात. वर्षभरात मानेपर्यंत येतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी छोटी वेणी बसते.